जे जे ऐकू येईल

महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी, सकाळी अकरा वाजता, प्रभाग कार्यालयाच्या तळमजल्यावरील सभागृहात नागरिकांच्या तक्रारींची नियमित सुनावणी सुरू झाली. आणि नगरपालिकेच्या इतिहासात प्रथमच, ऐकू न येणाऱ्या एका नागरिकासाठी तेथे सांकेतिक भाषेच्या दुभाषीची व्यवस्था करण्यात आली होती. तो नागरिक म्हणजे टेलरमावशी. त्या पहिल्या रांगेत, ठेवणीतली शाल पांघरून, परीक्षेला बसल्यासारख्या ताठ बसल्या होत्या. शेजारी त्यांचे यजमान होते. त्यांनी आयुष्यभर घड्याळे दुरुस्त केली, म्हणून सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत.

काकांचा चेहरा जरा उतरलेला होता, आणि त्याला कारण होते. लग्न झाल्यापासून दोघांच्या वतीने ऐकण्याचे काम त्यांच्याकडे होते. बँकेत, दवाखान्यात, नातेवाइकांच्या घोळक्यात ते तासभर ऐकत, मान डोलावत, पोट धरून हसत, आणि मावशींनी खांद्याला हात लावून विचारले की दोन बोटे हलवून सांगत, "काही विशेष नाही." समोरची माणसे हसून डोळे पुसत असताना काही विशेष नाही, हे मावशींना कधीच पटले नाही. ऐकू येणाऱ्यांच्या जगात सतत काहीतरी भव्य चाललेले असते आणि आपला नवरा एकतर ते लपवतो किंवा सांगायचा कंटाळा करतो, अशी त्यांची पक्की समजूत होऊन बसली होती. त्यामुळे आज नगरपालिका खास माणूस देणार, हे कळल्यापासून त्यांना धड झोप नव्हती.

आता ही सुनावणी ज्या प्रसंगामुळे उद्भवली, तो सांगितला पाहिजे. मावशींचे दुकान नगरपालिकेच्या बाजारात, जिन्याखालच्या कोपऱ्यात होते. संध्याकाळी पहारेकरी घंटा वाजवी, दुकाने बंद होत आणि तो मोठ्या दाराला कुलूप लावी. रोज शेजारचा चपलांचा दुकानदार जाताजाता मावशींच्या मशिनवर टिचकी मारी. पंधरा दिवसांपूर्वी एकदा तो आजारी होता. मावशी एका कोटाच्या अस्तरात मान घालून बसल्या होत्या. मान वर केली तेव्हा बाजार अंधारात आणि दार बंद. ओरडून उपयोग होईल असा त्यांचा आवाज नव्हता, म्हणून त्यांनी आपला दिवा भराभर चालू-बंद करायला सुरुवात केली. युक्ती नामी होती. बाहेरून पहारेकऱ्याने ती पाहिलीही. मात्र त्याला वाटले, वायर जळते आहे. त्याने बंब बोलावला. बंबवाल्यांनी, अशा वेळी जे करायचे ते, चोख केले. मावशी कोरड्या राहिल्या. समोरच्या पडदेवाल्याचे नवे पडदे मात्र छतापासून जमिनीपर्यंत भिजले.

पडदेवाल्याने तक्रार केली की मावशींनी यापुढे तासभर आधीच दुकान बंद करावे, म्हणजे पुन्हा असे घडणार नाही. वरवर पाहता मागणी साधी वाटेल. परंतु नोकरदार मंडळी कामावरून सुटून कपडे न्यायला येत ती नेमकी त्याच तासात. तो तास गेला की दुकान गेल्यातच जमा होते. मावशींची मागणी वेगळी होती. घंटेबरोबर एक दिवाही लुकलुकावा, एवढेच त्यांचे म्हणणे.

सभेपूर्वी दुभाषी मुलीने मावशींना आपली पद्धत समजावून दिली होती. "सभेत जे जे ऐकू येईल ते ते मी सांगणार. त्यातलं महत्त्वाचं काय, ते तुम्ही ठरवायचं." हीच गोष्ट तिने प्रभाग अधिकाऱ्यांनाही सांगितली होती, परंतु साहेब त्या वेळी खुर्चीची उंची कमी-जास्त करण्यात गुंतले होते आणि त्यांनी न ऐकताच "हो, हो" म्हटले होते.

पहिला विषय गटाराच्या झाकणाचा निघाला. एक गृहस्थ झाकणाची हकिगत त्याच्या जन्मापासून सांगू लागले. दुभाषीचे हात एक शब्द न गाळता चालले होते. मधेच तिने खांदा वळवून साहेबांकडे निर्देश केला आणि सांगितले, "चहा सांगितलाय का?" मग वीज विभागाच्या अभियंत्याकडे: "सांगितलाय. पण बिस्किटं गेल्या वेळचीच आहेत." मावशी खुर्चीच्या कडेला सरकल्या. काका अस्वस्थ झाले.

मग मावशींचा विषय आला. पडदेवाल्याने आपली बाजू मांडली, आणि ती सभ्यपणे मांडली, हे मान्य केले पाहिजे. जागेवर बसल्यावर मात्र तो शेजाऱ्याच्या कानाला लागला. "बघ आता, हिचंच ऐकतील. तोंड उघडायला नको, नुसते हात हलवले की काम होतं." दुभाषीने तेही सांगितले. मावशींनी वळून त्याच्याकडे सावकाश पाहिले. पडदेवाला चपापला. खात्री करून घेण्यासाठी तो हळूच खोकला. दुभाषीने खोकलाही सांगितला. त्यानंतर त्याने श्वाससुद्धा बेताने घेतला.

दुर्दैवाने काकांची त्या वेळी दुभाषीकडे पाठ होती. मागच्या रांगेतल्या एकाने वाकून त्यांना विचारले होते की, वहिनी आत अडकल्या तेव्हा तुम्ही शोधायला कसे गेला नाहीत? आणि बायकोसमोर काहीही बोलावे, तिला कळत नाही, या इतक्या वर्षांच्या निर्धास्त सवयीने काका मोकळेपणाने म्हणाले, "खरं सांगू का? सकाळी भांडण झालं होतं. म्हटलं, बहिणीकडे गेली असेल. घर निवांत होतं, डोळा लागला."

मावशींना घरी सांगण्यात आलेली हकिगत निराळी होती. त्या हकिगतीत काकांनी गावातली एकूण एक गल्ली पालथी घातली होती, त्यात त्यांचे बूट झिजले होते, आणि त्या प्रेमाने विरघळून मावशींनी त्यांना नवे बूट घेऊन दिले होते. ते नवे बूट आज काकांच्या पायात होते. मावशींनी आधी बुटांकडे पाहिले, मग काकांकडे, मग पुन्हा बुटांकडे. काकांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

एवढ्यात व्यासपीठावर साहेब अभियंत्याकडे झुकले आणि तोंडावर हात धरून काहीतरी बोलले. पुढच्या रांगेतल्या सगळ्यांनी ते, ऐकल्याचे न दाखवता, ऐकले. दुभाषीनेही ऐकले.

"दिव्याचं काय करायचं?"

"दिवा आहे की, साहेब. गोदामात नुसता पडलाय. लावायला शिडी तेवढी हवी."

"शिडी बागवाल्यांकडे आहे. मागायला गेलो की ते आपला पंप मागतात. नको ते लचांड."

यानंतर साहेब सरळ झाले, त्यांनी चष्मा नीट केला आणि सभेला उद्देशून ते म्हणाले, "सदर मागणी अत्यंत रास्त असून, उपकरणाच्या खरेदीबाबत पुढील वर्षीच्या तरतुदीत सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल."

मावशींनी हात वर केला. त्यांचे हात बोलू लागले आणि दुभाषीने त्यांना आवाज दिला.

"साहेब, खरेदी नको. गोदामातला दिवा चालेल. शिडी पडदेवाल्यांकडे आहे, त्यांना पडदे टांगायला लागतेच. त्यांनी ती द्यावी. त्यांचे भिजलेले पडदे मी इस्त्री करून देते."

साहेबांच्या कपाळावर आठी उमटली. "गोदामातला दिवा यांना कोणी सांगितला?"

"तुम्ही दोघांनीच, साहेब," दुभाषी म्हणाली.

"आम्ही कुजबुजलो होतो."

"पहिल्या रांगेला ऐकू आलं. मावशी पहिल्या रांगेत आहेत."

यावर कोणी म्हणेल की अधिकाऱ्याने रागवायला हवे होते. साहेब त्या बेतात होतेही. परंतु ते रागीट असले तरी खोटे नव्हते. मुलीच्या बोलण्यात खोडून काढण्याजोगे काही नाही, हे त्यांना उमगले. ते आधी स्वतःशी आणि मग उघडपणे हसले. दिवा दोन दिवसांत लावावा, असा हुकूम त्यांनी तिथल्या तिथे दिला. पडदेवाला उभा राहून म्हणाला, "शिडी आजच नेऊन ठेवतो, मावशी. आणि इस्त्रीचं राहू द्या." खाली बसल्यावर मात्र तो कुणाच्या कानाला लागला नाही. मावशींचे डोळे भरून आले. त्यांनी दोन्ही हात छातीशी नेऊन समोर केले. ते सांगायला दुभाषीची गरज पडली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागला. साहेब जातीने आले. दुभाषीलाही बोलावले होते. अभियंता शिडीवर चढला. खाली एका बाजूने पडदेवाल्याने शिडी धरली आणि दुसऱ्या बाजूने, मावशींच्या खास आदेशावरून, काकांनी. त्यांच्या पायात जुने बूट होते. नवे बूट परवापासून कपाटात, मावशींच्या किल्लीखाली होते. पहारेकऱ्याने घंटा वाजवली आणि दिवा लुकलुकला. मावशी मशिनवरून उठल्या, दुकानाचा पडदा ओढला आणि सगळ्यांच्या बरोबरीने, कोणाच्याही टिचकीवाचून, बाहेर आल्या.

दाराशी साहेबांनी त्यांना थांबवले. दुभाषीची व्यवस्था पुढेही चालू ठेवायची आहे, तेव्हा पहिल्या सभेविषयी तुमचे मत काय, असे त्यांनी विचारले.

मावशींनी क्षणभर विचार केला आणि काकांकडे बोट दाखवले.

"हे म्हणायचे, काही विशेष नाही. मला वाटायचं, लपवतात. साहेब, खरंच काही विशेष नसतं. पण ते आता माझं मला कळलं."