चौतीस किलो शिल्लक

थोरल्या जावयांनी ढकलगाडीवर ठेवलेल्या इंजिनाला दोन्ही हात लावले, ते जरासे मागेपुढे हलवून पाहिले आणि जाहीर केले, "दोनशे वीस किलो."

"अंदाजे?" धाकट्या जावयांनी विचारले.

"अंदाज दुसरे लोक करतात," थोरले म्हणाले.

यात बढाई थोडी आणि खरे जास्त होते. थोरल्यांची सगळी नोकरी एका माल वाहतूक कंपनीच्या गोदामात गेली होती. ट्रकमध्ये काय चढवायचे आणि काय मागे ठेवायचे, हे तेच ठरवत. खोके हातात घेऊन नुसते वरखाली केले की त्यांच्या तोंडून आकडा बाहेर पडे आणि काट्यावर तोच आकडा दिसे. नव्या लोकांना पैज लावायची हौस असायची, ती पहिल्याच आठवड्यात फिटायची. धाकट्यांचे चष्म्यांचे दुकान होते. डोळ्याला भिंग लावून चष्म्याच्या काडीतला खसखशीएवढा स्क्रू फिरवण्यात त्यांचे आयुष्य चालले होते, त्यामुळे दोनशे वीस किलो ही गोष्ट त्यांना ऐकूनच दमवायची.

इंजिन होते सासरेबुवांच्या जुन्या मोटारीचे. सहा सिलिंडरची, लांब नाकाची, बाहेरून अजूनही रुबाबदार दिसणारी ती गाडी इमारतीखालच्या गॅरेजमध्ये कित्येक वर्षे मुकाट्याने उभी होती. तिच्यावर दोघाही जावयांचा जीव होता. थोरल्यांनी लग्नानंतर बायकोला याच गाडीतून घरी नेले होते. धाकट्यांनीही तेच केले होते, आणि वाटेत गाडी बंद पडल्यामुळे त्यांना तर तिच्यात जास्त वेळ बसायला मिळाले होते. सासरेबुवांना मुलगा नव्हता. गाडी एकच आणि जावई दोन, म्हणून म्हाताऱ्याने अट घातली होती. इंजिन पुन्हा चालू करायचे, पण उघडायचे ते आपल्या डोळ्यांदेखत, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत. गुडघ्यांमुळे त्यांना खाली येणे जमत नव्हते, आणि आपल्या पाठीमागे कोणी त्या इंजिनाला पान्हा लावावा हे त्यांना खपणारे नव्हते. जो जावई इंजिन सुखरूप वर आणील, गाडी त्याची.

आतापर्यंत बरोबरी होती. गिअरबॉक्स थोरल्यांनी लिफ्टने वर नेला. नेण्याआधी "एकतीस" म्हणाले आणि वर न्हाणीघरातल्या काट्यावर तो एकतीसच भरला. फ्लायव्हील धाकट्यांनी नेले, पण ते तेरा किलोचे आहे हे थोरल्यांनीच सांगितले. मागच्या चाकांकडे जाणारा लांबलचक शाफ्ट दोघांनी दोन टोकांना धरून जिन्याने नेला. प्रत्येक वळणावर तो कोणाच्या तरी दाराला लागत होता, आणि दार उघडले की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवत होते.

राहिले होते इंजिन. धाकट्यांचे म्हणणे असे की वरचे चार भाग खालीच सोडवावेत आणि दोन खेपा कराव्यात. पण बाबांच्या अटीत ते बसत नव्हते, आणि थोरल्यांच्या अभिमानातही बसत नव्हते. त्यांनी लिफ्टमधल्या पाटीवर बोट ठेवले. सहा माणसे, चारशे आठ किलो.

"इंजिन दोनशे वीस. ढकलगाडी वीस. मी बहात्तर. तुमचं किती?"

धाकट्यांनी शर्ट खाली ओढला. "बासष्ट."

"म्हणजे झाले तीनशे चौऱ्याहत्तर. चौतीस किलो शिल्लक राहतात. वाटेत कोणी भेटलं तर त्याचं सामानपण घेऊ."

गोदामाचा एक नियम थोरल्यांच्या रक्तात भिनला होता. मालाचे वजन स्वतः तपासायचे, पण माणसाचे वजन त्याच्या कार्डावर असेल ते धरायचे. त्यांच्या कार्डावर बहात्तर होते. ते कार्ड नोकरीला लागताना केले होते, आणि थोरल्यांच्या घराण्यात एवढ्या तेवढ्या कारणावरून कागदपत्रे बदलायची पद्धत नव्हती.

लिफ्ट निघाली. पहिला मजला गेला. दुसरा मजला जाताना तिने जरा सुस्कारा टाकल्यासारखा आवाज केला. थोरले "जुनी आहे, बोलते" म्हणाले आणि त्याच वाक्याच्या शेवटी ती थांबली. समोर खाली निम्मी भिंत होती आणि तिच्या वर, तिसऱ्या मजल्याच्या फरशीलगत, जेमतेम माणूस सरकेल एवढी फट, ज्यातून थोरल्यांना आपल्या बायकोच्या चपला ओळखू आल्या.

"अहो, अडकलात का?" चपला म्हणाल्या.

"थांबलोय," थोरले म्हणाले.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला फोन गेला. त्याने पहिला प्रश्न विचारला तो आत काय आहे हा. उत्तर त्याने पुन्हा एकदा सांगायला लावले. मग म्हणाला की तो दुसऱ्या कामावर आहे, ते आटोपून येईल. लिफ्ट पुन्हा चालू करायचे बटण गच्चीवरच्या खोलीत आहे आणि ते दाबायला एक क्षण लागतो, पण तोपर्यंत आतले वजन कमी करून ठेवा, नाहीतर ती पुन्हा बसेल. सगळ्यात सोपे म्हणजे एका माणसाने फटीतून बाहेर यावे.

दोघांनीही फटीकडे पाहिले आणि मग एकमेकांकडे पाहिले. बाहेर पडणाऱ्याने इंजिन सोडले, म्हणजे गाडी सोडली, हे दोघांना सारखेच कळत होते.

"तुम्ही सडपातळ आहात, तुम्ही जा," थोरले म्हणाले.

"तुम्ही मोठे आहात, आधी तुमचा मान," धाकटे म्हणाले.

हा मान देण्याघेण्याचा कार्यक्रम बराच चालला. खालच्या मजल्यांवर लोक लिफ्टचे बटण दाबून दाबून कंटाळले आणि जिन्यात येऊन डोकावू लागले. आत दोन माणसे आणि एक इंजिन आहे हे कळल्यावर कोणी घरी जाईना. शेवटी फटीत एक काठी दिसली आणि तिच्यामागोमाग सासरेबुवांचा आवाज आला. गुडघे दुखत असतानाही ते खुर्ची घेऊन लिफ्टच्या तोंडाशी येऊन बसले होते.

"कोणी बाहेर येत नसेल तर इंजिन तरी बाहेर येऊ द्या. तिथंच उघडा. मला इथून दिसतंय."

पान्ह्यांची पेटी खिडकीतून भाजी द्यावी तशी आत आली. आता खरी मजा सुरू झाली. धाकट्यांची बोटे अरुंद जागेत सफाईने चालत होती आणि गंजलेला नट अडला की थोरल्यांचा जोर कामी येत होता. इतक्या वर्षांत दोघा साडूंनी मिळून केलेले हे पहिलेच काम असावे, आणि ते चांगले होत होते, हे दोघांनाही जाणवत होते. थोरल्यांना तर आतून इतके बरे वाटत होते की आपण अडकलो आहोत हे ते विसरलेच.

सासरेबुवांनी न्हाणीघरातला काटा मागवून खुर्चीपुढे ठेवला. त्यांना शंका होती की थोरल्यांचा आकडा कुठेतरी चुकला, त्याशिवाय लिफ्ट थांबली कशी? म्हणून एकेक भाग फटीतून वर जाई, थोरले आतून वजन सांगत आणि थोरली मुलगी काट्यावरचे वाचून दाखवी.

"डायनॅमो. दहा."

"दहा," थोरली म्हणाली.

"स्टार्टर. आठ."

"आठच."

धूर बाहेर नेणारा बिडाचा वाकडा पाइप बारा म्हणाले, बारा निघाला. सिलिंडर हेड दोघांनी छातीशी धरून वर सरकवले. ते ओढून घ्यायला शेजारचे दोघे पालथे पडले, आणि थोरले चौतीस म्हणाले तर ते चौतीसच भरले. जिन्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरले घामाघूम झाले होते आणि अतिशय खूश होते. आता त्यांना पुरती खात्री पटली होती की दोष लिफ्टच्या पाटीचा आहे, आणि तसे ते बोलूनही दाखवत होते.

सासरेबुवा मात्र काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून विचार करत होते. ते म्हणाले, "सगळं बरोबर भरलं. मग आता न मोजलेले दोनच नग उरले."

काटा फटीतून आत आला.

थोरल्यांनी काट्याकडे असे पाहिले की जणू तो त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. ते म्हणाले की हातात पान्हा आहे. पान्हा धाकट्यांनी काढून घेतला. ते म्हणाले की बूट जड आहेत. बूट काढायला लावले. शेवटी ते काट्यावर चढले, पोट आत ओढले आणि वर छताकडे पाहू लागले. धाकट्यांनी वाकून आकडा वाचला आणि दुकानात गिऱ्हाईकाला नंबर सांगावा तसा शांतपणे सांगितला.

"शहाण्णव."

जिन्यात कोणीतरी तो आकडा खालच्या मजल्यावर कळवला.

"मी म्हणत होते," थोरली म्हणाली.

धाकटे खुशीत होते, पण ती खुशी फार टिकली नाही. सासरेबुवांनी काठीने त्यांच्याकडे खूण केली. बासष्ट सांगणारे धाकटे चौऱ्याऐंशी भरले. त्यांनी चष्मा काढून पुन्हा पाहिले, पण आकडा तोच होता. लिफ्ट थांबवली होती ती जावयांनी. इंजिनाने काहीच केले नव्हते.

एवढ्यात लिफ्टवाला आला, वर गेला आणि त्याने बटण दाबले. हलके झालेले इंजिन आणि जड झालेले जावई सरळ तिसऱ्या मजल्यावर पोचले. दार उघडताच दोघेही ढकलगाडीचा दांडा धरून एकदमच बाहेर पडले, कारण मागे कोणीच राहायला तयार नव्हता.

"गाडी कोणाची, बाबा?" धाकट्यांनी विचारले.

सासरेबुवांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. अट सुखरूप आणण्याची होती आणि निम्मे इंजिन त्यांच्या खुर्चीपाशी सुटे पडले होते. शिवाय ते जोडून झाल्यावर पुन्हा खाली न्यायचे होते, ते याच लिफ्टने.

"लिफ्टमध्ये जे वजन सांगितलंत, ते करून दाखवा," ते म्हणाले. "तुम्ही बहात्तर, तुम्ही बासष्ट. जो आधी आपल्या शब्दावर येईल, तो इंजिन खाली नेईल. गाडी त्याची."

धाकट्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि ते जरा सुखावले. त्यांना बावीस उतरवायचे होते, थोरल्यांना चोवीस. पण थोरल्यांचा चेहरा मुळीच पडला नाही. माल जास्त झाला तर उतरवायचा असतो, यात घाबरण्यासारखे काय, असे म्हणून ते निघाले. जिन्याने निघाले, हे विशेष.

कोपऱ्यावरच्या बेकरीत त्यांनी सर्वांत मोठा, तीन थर क्रीमचा केक निवडला. धाकट्यांच्या घरचा पत्ता सांगितला आणि वर चिठ्ठी लिहायला लावली: 'आजच्या मदतीबद्दल प्रेमपूर्वक.' धाकट्यांना गोडाचे किती वेड आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते. हा डाव आपणच जिंकणार याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. ते शीळ घालत चालत घरी पोचले, तेव्हा बायको रिक्षाने त्यांच्या आधीच येऊन बसली होती.

टेबलावर एक खोका ठेवला होता. त्याच बेकरीचा होता आणि तेवढाच मोठा होता.

"आत्ताच बेकरीतला माणूस देऊन गेला," थोरली म्हणाली. "धाकट्यांनी फोन करून पाठवलाय. चिठ्ठीत लिहिलंय, तुम्ही खूप दमला असाल."

थोरल्यांनी खोका उघडला आणि आतले क्रीमचे तीन थर मोजले. साडूविषयी त्यांना एवढा आदर याआधी कधीच वाटला नव्हता. मग त्यांनी सुरी मागवली, केकचा एक भला मोठा तुकडा कापून बशीत घेतला आणि बायको काही बोलायच्या आत ठामपणे सांगितले, "पन्नास ग्रॅम."