मोखाड्यातली जेलफोड

"मंगेश, मुंबईत गुन्हे उदंड, पण डोकं नाही. इथे डोकं आहे, पण गुन्हेच होत नाहीत. माझी शोकांतिका ती हीच!"

हे डोकं चंदूदादा भोये यांचं. एसटीतून निवृत्त झाल्यावर दादांनी स्वतःला गुप्तहेर नेमलं. मी जव्हार-मोखाडा जीप चालवतो. जीप असल्यामुळे मी सहायक.

त्या दिवशी मोखाड्याच्या कॉलेजातून सपनाचा फोन आला. रसायनशास्त्र शिकणारी ही पोर रडतच होती. खेकड्यांच्या कवचांपासून काढलेला पदार्थ आणि झिंक ऑक्साइड मिसळून तिनं जखमेवर लावायचं जंतुनाशक जेल केलं होतं. वडिलांच्या पायाची जखम चिघळून बोट कापावं लागलं, तेव्हापासून तिला हाच ध्यास. तीन महिन्यांची मेहनत सकाळी बशीतून गायब, आणि तीन वाजता तिचा प्रकल्प तपासायला नाशिकचे परीक्षक येणार!

प्रयोगशाळेत शिरताच दादा म्हणाले, "चोराला जेलमध्ये टाकतात. इथे जेलच पळालं!"

कुणीच हसलं नाही. मला सवय आहे.

"या जेलमुळे सर्वांत जास्त नुकसान कुणाचं?" दादांनी विचारलं.

"जंतूंचं," सपना म्हणाली.

"म्हणजे हेतू त्यांच्याकडे आहे."

"दादा, जंतूंना जीपमध्ये कसं बसवू?" मी विचारलं.

दादांनी मोर्चा प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या तुषारकडे वळवला. त्याचे केस चकाकत होते. दादांनी त्यात चार बोटं खुपसून हुंगली. "कबूल कर! केसाला जेल!"

"खोबरेल आहे," तुषार म्हणाला. "आईनं चोपडलंय."

मग दादांनी खेकडे खाणाऱ्यांची यादी मागितली. अख्खा तालुका संशयित ठरला, मीसुद्धा.

अडीच वाजले. सपना टेबलाशी सुन्न बसली होती. तेवढ्यात भांडी धुणाऱ्या जयवंतीबाई आल्या आणि त्यांनी ती रिकामी बशी उचलली.

"ही धुवू का गं? तळाला पापुद्रा चिकटलाय."

"पापुद्रा?"

"रातभर पंखा चालू, झाकण उघडं. आंबील ठेवली तरी वाळंल."

सपनानं बशी हिसकावली, पाणी ओतलं. आम्ही सगळे बशीवर वाकलो. दादा भिंग घेऊन होते, उलटं धरलेलं. हळूहळू पापुद्रा फुगू लागला.

तीनला परीक्षक आले तेव्हा बशीत पुन्हा लिबलिबीत जेल होतं. सपनानं झाकणाची चूक लपवली नाही. मला वाटलं, गेली पोरगी.

परीक्षक बाई मात्र पुढे सरकल्या. "म्हणजे वाळवून खिशातून नेता येईल? फ्रिज नसलेल्या पाड्यावर?"

सपनाचे डोळे मोठे झाले. "हो... पण वाळल्यावरही जंतू मरतात का, ते तपासावं लागेल."

"मग तपास. आम्ही पुढच्या वर्षासाठी सामान देऊ. हे लक्षात कुणाच्या आलं?"

दादा घसा खाकरून एक पाऊल पुढे झाले. सपनानं त्यांना हलकेच बाजूला केलं आणि जयवंतीबाईंचा ओला हात धरून त्यांना पुढे आणलं.

"माझ्या?" बाई लाजून म्हणाल्या. "मी तं बशी धुवाया आलेली."