दगाबापूंचे तीन आकडे

दगाबापू पाटलांच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं. पंगत रंगात आली होती, बुंदीचं दुसरं वाढप चाललं होतं. एवढ्यात बापू मांडवाच्या मधोमध येऊन उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मंडळी! बुंदी ठरेल व्हती पाच मण. मंजूर व्हयनी चार मण. लागी ऱ्हायनी सहा मण. जेवा, लाजू नका!"

व्याह्यांकडच्या एका म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला. आम्ही गावचे लोक मात्र निवांत जेवत होतो. बापूंच्या घरी तीन आकडे ऐकल्याशिवाय जेवण पुरं होत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं.

शहाद्याहून प्रकाशा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव. मी मूळचा नाशिककडचा. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील, तेव्हा मास्तर म्हणून तिथे गेलो. पहिल्याच दिवशी पांढऱ्या मिशांचे, ताठ चालीचे एक गृहस्थ शाळेच्या दारात येऊन उभे राहिले.

"मास्तर, आठे कितला वरीस ऱ्हावानं ठरेल शे?"

"इथे? दोन वर्षं," मी म्हणालो.

"आनि घरना लोकस्नी मंजूर कितला कया?"

"आई म्हणते, एकच वर्ष."

"बरं. आते लागतस कितला, ते देखू," असं म्हणून ते निघून गेले.

मला चौदा वर्षं लागली.

दगा हे नाव त्यांना कसं पडलं, त्यालाही कारण होतं. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून दृष्ट लागू नये असं टाकाऊ नाव आईबापांनी ठेवलं. पण या नावाचा बापूंना फार जाच झाला. गावाच्या कामासाठी वर्गणी मागायला निघाले की कोणीतरी हमखास म्हणायचं, "दगा उना रे, खिसा सांभाळा!" बापू हसायचे नाहीत. वर्गणी घेतल्याशिवाय उठायचेही नाहीत.

त्यांचं म्हणणं साधं होतं. माणूस मनात एक खर्च धरतो, हातात त्याहून कमी येतं, आणि प्रत्यक्षात काही तिसरंच घडतं. हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले की माणूस शहाणा होतो. एक जरी लपवला, की भांडण लागतं.

त्यांच्या घरात अंदाज बापूंचा असे, मंजुरी त्यांच्या बायकोची असे आणि खर्च देवाच्या मनात असेल तो. बायकोला सगळा गाव माय म्हणे. बाजाराच्या दिवशी बापू अंगणात उभे राहून ओरडायचे, "गूळन्या दोन भेल्या ठरेल शेतस!" आतून आवाज यायचा, "एक!" "एक मंजूर," म्हणत बापू निघायचे आणि स्वस्त मिळाल्या म्हणून तीन घेऊन यायचे. मग पुढचे दोन दिवस त्या घरात फक्त भांडी बोलायची.

हे सगळं गमतीचं होतं. पण एका वर्षी दसऱ्याच्या सुमारास बापूंनी गावाजवळच्या नाल्यावर फरशी, म्हणजे पूर वरून जाईल असा बुटका दगडी पूल, बांधायचा विषय काढला, आणि गंमत संपली.

हा नाला म्हणजे उन्हाळ्यात नुसती वाळू. पावसाळ्यात मात्र पलीकडची दोन गावं आमच्यापासून तुटायची. पलीकडची मुलं आषाढात शाळेतून जी जायची, ती थेट नवरात्रात परत दिसायची, तोवर पाढे विसरून. फरशी हवी असं सगळेच म्हणायचे. बापू उठले आणि तालुक्याच्या कचेरीत जाऊन बसले. साहेब नाहीत म्हटलं की ओट्यावर बसून भाकरी सोडायचे. साहेब आहेत म्हटलं की आत जाऊन बसायचे. शेवटी अंदाज झाला नऊ हजारांचा आणि मंजुरी आली सहा हजारांची. उरलेलं गावाने अंगमेहनतीने भरून काढायचं, असं ठरलं. पंचांनी काम बापूंच्या गळ्यात घातलं आणि लिहिणं माझ्या.

होळी झाली आणि खोदाई सुरू झाली. बापूंनी चावडीच्या भिंतीवर गेरूने तीन रकाने आखले: ठरेल, मंजूर, लागनं; म्हणजे ठरलेलं, मिळालेलं आणि लागलेलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी रोज संध्याकाळी मारुतीच्या पारावर उभे राहून ते आकडे ऐकवू लागले. पहिले काही दिवस लोक आवडीने ऐकत. मग पायाला खडक लागेना. जिथे मुरूम असेल असं वाटलं होतं तिथे काळी चिकण माती निघाली. पाया खोल न्यावा लागणार, दगड जास्त, चुना जास्त. 'लागनं'च्या खालचा आकडा 'मंजूर'ला मागे टाकून पुढे पळू लागला.

कामावरचा ओव्हरसियर तरुण होता, स्वभावाने भला, पण वरच्यांना भ्यायचा. तो बापूंना बाजूला घेऊन म्हणाला, "बापू, आहे त्या खोलीवर थांबू. तिन्ही आकडे जुळवून टाकू. कागद नीट दिसला की कोणी विचारत नाही."

बापूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊसाहेब, पूर उना म्हंजे पानी कागद वाची का?"

ओव्हरसियरने तो विषय सोडला. पण गाव गप्प बसलं नाही. भिंतीवरचा वाढता आकडा रोज दिसत होता, आणि दिसणाऱ्या आकड्यावर संशय घेणं सोपं असतं. आधी कुजबुज झाली, मग उघड बोलणं. 'नावच दगा' हा विनोद आता कोणी विनोद म्हणून करत नव्हतं. कामावर येणारी माणसं निम्मी झाली. एका सकाळी तर भिंतीवर कोणीतरी चौथा रकाना कोळशाने आखून ठेवलेला दिसला: 'खादं'. म्हणजे खाल्लं.

मी पुसायला फडकं घेऊन धावलो. बापूंनी अडवलं. "ऱ्हाऊ द्या, मास्तर. ईचारनं ना लोकस्नी? मंग जबाब देवाना पडी."

त्या संध्याकाळी पारावर त्यांनी एकेक दगडाचा हिशेब दिला. कुठून आला, कोणाच्या गाडीतून आला, कुठे बसला. अंधार पडेपर्यंत बोलत राहिले. आवाज बसला, तरी थांबेनात. शेवटी म्हणाले, "चौथा रकानामा शून्य शे. ज्याले पटस नही, त्यानी सकाळी खड्डामा उतरानं आनि माले दाखाडानं."

मग बायकांच्या घोळक्यातून माय उभी राहिली. नवऱ्याची एक भेली कमी करणारी ती बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "मन्ही बैलजोडी, गाडी आनि मी. काम व्हयेपावत मंजूर."

दुसऱ्या दिवशी पहाटे माय टोपलं घेऊन खड्ड्यात उतरली. तिच्यामागे तिच्या दोन्ही जावा आल्या. आपल्या बायका माती वाहतायत म्हटल्यावर पुरुषांना घरी बसवेना. चारसहा दिवसांत कामावर पुन्हा गर्दी झाली. कोळशाने लिहिणाराही त्यात असणार. बापूंनी तो कोण, हे कधी शोधलं नाही.

जिल्ह्याचे साहेब पाहणीला आले. आकडे जुळत नाहीत हे पाहून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग स्वतः पहार मागवून पायाजवळच्या मातीत दाबली. ती सरळ आत गेली. "सुधारित अंदाज पाठवा," ते म्हणाले. वाढीव पैसे आले, पण थोडे आले आणि उशिरा आले. बाकीचं गावाने अंगावर घेतलं. कठडे राहून गेले, तरी मृगाच्या आधी फरशी उभी राहिली. आषाढात पहिला मोठा पूर तिच्यावरून गेला. ओसरला तेव्हा सगळा गाव बघायला धावला. एक दगड हलला नव्हता.

मी मनाशी समजूत करून घेतली होती, की या माणसाचा स्वभावच हट्टी. हाती घेतलं ते तडीस न्यायचं, एवढंच.

राखीपौर्णिमेच्या सकाळी मी नाल्याकडे गेलो. बापू धुतलेलं धोतर नेसून काठावर उभे होते. पाऊस नुकताच थांबला होता, फरशीवरून घोटाभर पाणी वाहत होतं. पलीकडून एक म्हातारी बाई नातवाचा हात धरून, लुगडं सावरत, पाऊल चाचपत येत होती. बापू तिच्याकडे बघत होते. आमच्या कोणाकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"यमुना," शेजारी उभी असलेली माय हळूच म्हणाली. "यास्नी बहीन. समोरना गावमा देयेल शे."

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला यमुना माहेरी यायची. पण राखीला नाला भरलेला असायचा. म्हणून लग्न झाल्यापासून दरवर्षी ती त्या काठावर येऊन उभी राहायची आणि बापू या काठावर. पुराच्या आवाजावरून दोघं ओरडून बोलायची. पोरं कशी आहेत, पेरणी कशी झाली, बैल बरा झाला का. राखी ती पलीकडच्या बाभळीला बांधून जायची. पाणी उतरलं की बापू जाऊन सोडून आणायचे.

"मागला साल ती बोलनी," माय म्हणाली, "पन तिन्हा आवाज या काठपावत उनाच नही. थकनी ती. ह्या दुपारपावत आठेच उभा ऱ्हायनात. घर उनात तं जेवनात नही."

यमुना अलीकडे पोचली. घरी बापूंनी तिला बाजेवर बसवलं, स्वतः शेजारी बसले. तिने त्यांच्या मनगटावर राखी बांधली. बापूंनी घसा खाकरला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "यमे! बरी शे ना वं?"

तिने भावाचा हात दोन्ही हातांत धरला.

"वरडस काबरं, भाऊ?" ती म्हणाली. "मी आठेच शे."