साडेपस्तीसवाले बिसेन सर

पंगतीत बिसेन सरांच्या शेजारी बसू नये. बसलातच, तर मीठ मागू नये.

"मिठात काय हाये, ठाऊक हाये का?" इथून ते सुरू होतात. मिठात क्लोरीन. निसर्गात त्याचे अणू दोन वजनांचे; चारांतले साधारण तीन पस्तीसचे, चौथा सदतीसचा. सरासरी साडेपस्तीस. "आन् साडेपस्तीसचा एक तरी अणू कोनी पाह्यला का?" तोवर वरणाची बादली पुढे गेलेली असते. आमचं अर्धं सौंदड गाव सरांपायी कोरडा भात खाऊन उठलेलं आहे.

सर निवृत्त झाले, वर्ग काही सुटला नाही. चोरखमाऱ्याचा तलाव भरला म्हणून आम्ही खुशीत, तर म्हणे, "ह्याच्यात जड पानीबी हाये, थोडंसं." कोणाचा हिशोब चुकला की सरांना उचकी लागते. दुरुस्त केल्याशिवाय ती थांबत नाही.

घरात माणसं चार: सर, बाई, मुलगी शुभांगी आणि थोरला मोरू. मोरू तिशीचा, समज मात्र लहान पोराची.

यंदा शुभांगीला बघायला गोंदियाचे राइस मिलवाले आले. अकरा माणसांचं खटलं, मुलगा शुभांगीला मनापासून पसंत. पण मोरूला पाहून आधीची दोन स्थळं परत गेली होती. म्हणून शुभांगीच्या मामांनी त्याला मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली. मी शेजारधर्म म्हणून पोह्यांच्या बश्या मांडत होतो.

"घर में कौन कौन?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"तिघंच," मामा म्हणाले.

सरांना उचकी लागली. ते उठले, कडी काढली आणि मोरूला हाताला धरून आणून शेजारी बसवलं.

"चार. हा आमचा सदतीस. जरासा भारी हाये, बाकी आमच्यासारखाच. ह्याले कोंडून ठेवलं त साडेपस्तीस कसं येईन?"

मामांनी कपाळावर हात मारला. शुभांगी चहाचा ट्रे घेऊन दारातच थिजली. सरांनी पाहुण्यांना अख्खा क्लोरीन समजावला, पोहे पार गार झाले. मोरू आपल्या बशीतले शेंगदाणे वेचून मुलाच्या वडिलांच्या बशीत टाकत होता. त्यांनी एक तोंडात टाकला.

"गुरुजी, हमारे घर में तो सब पैंतीस ही हैं. अब ये भी हमारा. अपना भी साढ़े पैंतीस हो जाएगा."

साफ चूक. अकरा माणसांत एका सदतीसनं साडेपस्तीस येणं शक्यच नाही. मी सरांकडे पाहिलं.

उचकी आली नाही. मोरूचा हात धरून सर नुसते रडत होते.