सरड्याच्या पाठीएवढं हिरवं

एका जंगलात भागाबाई नावाची अस्वलीण मक्याची शेती करायची.

मुलांनो, मला शेतीतलं फार कळतं असं समजू नका. गेल्या वर्षी मी गॅलरीतल्या मिरचीच्या रोपाला माझं लोहाचं टॉनिक पाजलं. रोप मेलं, आणि माझ्या अंगातलं रक्तही वाढलं नाही. तेव्हा भागाबाईला हसायचा मला काही हक्क नाही. तरी मी हसणार आहे.

भागाबाईकडे आधी शेत नव्हतं, चार वारुळं होती. वाळवी खाऊन खाऊन ती कंटाळली होती. दाढेखाली सारखी माती कचकचायची. म्हणून तिने चारही वारुळं खवल्या मांजराला देऊन टाकली आणि त्याचा ओढ्याकाठचा शेताचा तुकडा घेतला. त्यात मका पेरला. म्हणजे कणसं भरली तर जेवण, नाहीतर थंडीभर पंजा चाटत बसायचं.

मका गुडघ्याला लागला आणि वाघ महाराजांचं फर्मान आलं. जंगलात युरिया फार उधळला जातोय. यापुढे आधी पानाचा रंग तपासायचा. पान फिकं असेल तरच युरियाचं पाणी पानांवर फवारायचं. हिरवं असेल तर हात लावायचा नाही.

आता किती हिरवं म्हणजे हिरवं? महाराज यावर विचार करत होते तेव्हा समोरच्या वेलीवर एक सरडा बसला होता. हिरवागार. महाराज म्हणाले, हाच नमुना धरा.

त्या दिवसापासून सरड्याचे सरडेराव झाले.

सरडेरावांची पद्धत सोपी होती. शेतात यायचं, पानावर बसायचं, जरा वेळ डोळे मिटायचे. मग शेतमालकाने त्यांची पाठ आणि पान शेजारी शेजारी बघायचं. भागाबाईने बघितलं. दोन्ही सारखं हिरवं. तिला इतका आनंद झाला की तिने सरडेरावांना दोन टोळ खाऊ घातले.

पंधरा दिवसांनी पान फिकं वाटायला लागलं. सरडेराव आले, बसले, डोळे मिटले. पाठही फिकी. तंतोतंत सारखी. भागाबाई निश्चिंत होऊन घरी गेली.

आणखी आठ दिवसांनी खालची पानं शेंड्यापासून पिवळी पडली. या वेळी मात्र तिने धीर करून विचारलं, "सरडेराव, हे पिवळं दिसतंय का हो?"

"नमुन्याशी ताडून बघा."

तिने बघितलं. नमुनाही पिवळाच होता.

"पान बरोबर आहे," सरडेराव म्हणाले. "डोळे तपासून घ्या, बाई."

भागाबाईने आठवडाभर त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुतले. डोळे स्वच्छ झाले. पिवळं आणखी स्पष्ट दिसायला लागलं.

शेजारचं शेत येसाक्का रानडुकरिणीचं. ती फर्मान वाचायची नाही, कारण तिने ते पहिल्याच दिवशी खाल्लं होतं. खालचं पान पिवळं व्हायला लागलं की ती संध्याकाळी हत्तीला बोलवायची. शंभर लोटे पाण्यात युरिया दोन लोटे, आणि हत्ती सोंडेने बारीक तुषार उडवायचा. तिचा मका काळाभोर हिरवा होता. तिने भागाबाईलाही हत्ती देऊ केला. भागाबाई म्हणाली, नमुन्यात बसत नाही.

शेवटी एकदा तिने सरडेरावांना येसाक्काच्या पानावर बसलेलं बघितलं. गडद हिरवे.

"माझ्याकडे तुम्ही पिवळे असता," ती म्हणाली.

"तुमच्याकडे जमीन वेगळी आहे," सरडेराव म्हणाले.

तेव्हा भागाबाईला आयुष्यातली पहिली युक्ती सुचली. तिने सरडेरावांना हिरवे असतानाच उचललं आणि ती आपल्या शेताकडे धावत सुटली. रंग उतरायच्या आत पोचायचं होतं. वाटेत सरडेराव तिच्या काळ्या केसांत काळे व्हायला लागले. ती पोचली तेव्हा फक्त शेपटीचं टोक हिरवं उरलं होतं. तेवढं तिने पानाला लावलं.

पान फिकं होतं. फिकं कसलं, हळदीला बसलेलं होतं.

तिने लगेच हत्तीला हाक मारली. भर दुपार होती, कारण सरडेराव ऊन तापल्याशिवाय कामावर येत नसत. येसाक्का कुंपणापलीकडून म्हणाली, "भागे, संध्याकाळी कर. आणि दोनच लोटे घाल." पण इतके दिवस वाया गेले होते. भागाबाईने दहा लोटे घातले.

दोन दिवसांत पानं करपली. सरडेराव आले, बसले, तपकिरी झाले आणि म्हणाले, "उत्तम."

दसऱ्यानंतर भागाबाईने कणसं सोलली. सहा होती. त्यात दाणे कुठे कुठे होते, पणजोबांच्या दातांसारखे. ती कणसं उचलून भागाबाई खवल्याकडे गेली आणि खाली बघत म्हणाली की शेत परत घे, वारुळं दे. खवल्या भला होता. त्याने चारातली दोन दिली. दोन त्याने खाऊन संपवली होती.

जाता जाता त्याने विचारलं, की शेतीला कुणाचा सल्ला घेतेस?

भागाबाई वारुळात तोंड घालून बसली होती. दाढेत माती कचकचत होती. ती म्हणाली, "सरडेरावांचा. माणूस फार चांगला. माझ्या पिकाशी त्यांचा एकदाही मतभेद झाला नाही."

खवल्याने दुसऱ्याच दिवशी त्यांना बोलावलं.

तात्पर्य: पिकापेक्षा तज्ज्ञ जपावा. पीक पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतं. आपण जसे आहोत तसंच बरोबर आहे असं सांगणारा तज्ज्ञ पुन्हा मिळेलच असं नाही.

हे तात्पर्य मी सरडेरावांना वाचून दाखवलं, आणि काही चुकलं असेल तर स्पष्ट सांगा म्हटलं. ते माझ्या वांगी रंगाच्या ओढणीवर बसले होते. त्यांनी जरा वेळ डोळे मिटले.

"मी अगदी हेच म्हणणार होतो," वांगी रंगाचे सरडेराव म्हणाले.