हॉब्सबाईंच्या चिठ्ठ्या

स्वतःच्या डोक्यावरच्या छत्रीला दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी बांधून भर बाजारातून चालणारी बाई तुम्ही पाहिली आहे? मी पाहिली आहे. सलग तीन महिने रोज पाहिली आहे. छत्रीच्या काडीला दोऱ्यानं लोंबणारा पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर ठसठशीत अक्षरांत ‘विज्ञानाच्या बाई’, आणि खाली उन्हानं लालबुंद झालेल्या, सहा फूट उंचीच्या आमच्या हॉब्सबाई. आणि विज्ञानाच्या बाई मात्र मागून डोक्यावर पदर घेऊन, उन्हात.

ही साखर रेशनवर मिळायची त्या दिवसांतली गोष्ट. हॉब्सबाई विलायतेच्या. तिकडे कुठल्याशा खेड्यात चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या आणि घरी स्वस्थ बसायचं सोडून दोन वर्षांसाठी सोलापूरला आल्या, आमच्या मुलींच्या शाळेत, बिनपगारी. मी त्याच शाळेत भूगोल शिकवायची. शाळेमागच्या बैठ्या क्वार्टरात त्यांची खोली आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून. त्या रात्री शिंकल्या तर माझे यजमान झोपेत ‘सत्य आहे’ म्हणायचे.

बाईंना मराठी शिकवायची जबाबदारी मोठ्या बाईंनी, म्हणजे हेडमिस्ट्रेसनी, माझ्यावर टाकली होती. मी छानपैकी व्याकरणाची वही केली. पण बाई दिवसभर बसायच्या शाळेच्या शिपाईणीजवळ, गंगूबाईजवळ. व्हायचं तेच झालं. तपासणीला साहेब आले तेव्हा ह्या विलायती विदुषी पुढे झाल्या आणि म्हणाल्या, ‘‘या की वो सायेब! बसा. लई ऊन हाय न्हवं?’’ साहेबांनी आधी त्यांच्या मागे कोण बोललं ते वाकून पाहिलं. माझी व्याकरणाची वही मी त्याच दिवशी बंबात घातली.

आमच्या सासूबाई वळसंगच्या. रागावल्या की कानडीत, प्रेमात आल्या की मराठीत. हॉब्सबाई आल्या त्याच दिवशी सासूबाईंनी वाटीतून शेंगादाण्याची चटणी त्यांच्याकडे पाठवली. संध्याकाळी वाटी परत आली. घासूनपुसून लख्ख. रिकामी.

‘‘एनिदु?’’ सासूबाई कडाडल्या. ‘‘हे काय? रिकामी वाटी? आमच्या घरात काय कमी पडावं म्हणती का ही मडमबाई?’’

मी जाऊन समजावलं. शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, काही नाही तर साखरेची चिमूट तरी घालायची. बाईंनी डोळे बारीक करून ऐकलं. मग विचारलं, ‘‘म्हंजे तुमीबी रिकामी देनार न्हाय?’’

‘‘नाही.’’

‘‘मग हे थांबतंय कवा?’’

मी म्हटलं, ‘‘थांबत नाही.’’ बाईंचा चेहरा असा काही उजळला, जणू त्यांना नवा सिद्धांतच मिळाला. दुसऱ्याच दिवशी वाटीतून उकडलेलं अंडं आलं. आमचं घर लिंगायत! सासूबाई त्या दिवशी फक्त कानडीतच बोलल्या. पण त्यानंतर चूक नाही. कधी चार लिमलेटच्या गोळ्या, कधी झेंडूचं फूल, महिनाअखेरीला खडूचे दोन तुकडे. एकदा मला सर्दी झाली होती तर वाटीत एक घडी घातलेला रुमाल आणि वर लवंग. दोन वर्षं ती वाटी ह्या दारातून त्या दारात फिरत होती.

वाटी माझ्या माहेरची, पितळेची, सहाच्या संचातली. तिच्यावर माझ्या आईचं नाव घातलेलं, ‘शांताबाई’. देणाऱ्याचं नाव भांड्यावर घालायची आपली रीत बाईंना फार आवडायची. आमच्या फळीसमोर उभ्या राहून त्या सगळ्या भांड्यांची हजेरी घ्यायच्या. ‘‘शांताबाई? हजर. काशीबाई मावशी? हजर.’’ आई जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. ती हजर आहे म्हटलं की मला बरं वाटायचं, ते मी कधी बोलून दाखवलं नाही.

तर, जायला तीन महिने राहिले आणि बाईंनी चिठ्ठ्या सुरू केल्या. खोलीतल्या एकेका वस्तूवर ती कुणाला द्यायची त्याचं नाव. वस्तू वापरायच्या मात्र स्वतःच, शेवटच्या दिवसापर्यंत. शाळेत नुसता गोंधळ. बाईंच्या खुर्चीवर ‘चित्रकलेच्या बाई’ अशी चिठ्ठी, म्हणून चित्रकलेच्या बाई रोज येऊन सांगायच्या, ‘‘जरा हळू बसा हो, पाय डुगडुगतोय तिचा.’’ मोठ्या बाईंना मिळाली गरम पाण्याची रबरी पिशवी आणि गंगूबाईला मनगटी घड्याळ. मोठ्या बाई आठ दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. हॉब्सबाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘घंटा गंगूबाई देती की.’’

मी काही हावरट नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण दोन वर्षं हिला खाऊपिऊ घातलं, हिवतापात उशाशी बसले, आणि माझ्या नावाची चिठ्ठी कुठेच दिसेना! मी काही ना काही निमित्त काढून त्यांच्या खोलीत जायची. स्टोव्हवर ‘दूधवाला’. पुस्तकांवर ‘दहावी अ’. एकदा सुई पडल्याचं सोंग करून खाटेखालीही पाहिलं. ट्रंकेवर ‘चौकीदार’. बाई वरून म्हणाल्या, ‘‘घावली का सुई?’’ मी म्हटलं, ‘‘कसली सुई?’’ आणि बाहेर आले. असला फजितवाडा!

कळस झाला तो शेवटच्या आठवड्यात. दाराशी एक चिनी मातीची बशी ठेवलेली, तिच्यावर चिठ्ठी, ‘शाळेची मांजर’. मांजर! त्या चोरट्या, एक डोळा फुटलेल्या मांजरीला बशी, आणि मी कोण?

माझं डोकंच फिरलं. त्या दिवशी वाटी आमच्याकडे होती, बाईंनी गुळाचा खडा घालून पाठवलेली. गूळ काढला, वाटी घासली आणि तशीच रिकामी त्यांच्या खिडकीत नेऊन आपटली. सासूबाई वळसंगला गेल्या होत्या, नाहीतर त्यांनी मला उभी सोलली असती.

पाच मिनिटांत बाई दारात. वाटी दोन्ही हातांत धरलेली, आत बघत उभ्या.

‘‘बिराजदारबाई, ह्यात काय न्हाय.’’

‘‘माहीत आहे मला.’’

‘‘इसरला व्हय?’’

‘‘नाही.’’

‘‘मग... संपलं?’’

सहा फुटांची बाई, पण एकदम लहान दिसायला लागली. मला थांबता आलं नाही. खुर्ची, छत्री, रबरी पिशवी, सगळं बाहेर पडलं. ‘‘मांजरीलासुद्धा बशी दिलीत! मी तुमची कोणीच नाही?’’

बाईंनी चुकलेलं गणित बघावं तसं माझ्याकडे पाहिलं. मग त्या आमच्या पाटावर बसल्या.

‘‘अवो, चिठ्ठी म्हंजे देऊन टाकायचं. छत्री दिली, संपलं. खुर्ची दिली, संपलं. तुमास्नी काय दिलं असतं तर आपलंबी संपलं असतं की. आपली वाटी चालू हाय न्हवं?’’ त्यांनी वाटी मांडीवर फिरवली. ‘‘तितं माझ्या घरी कुनी वाटी आनत न्हाय. तीस वर्सं त्याच घरात ऱ्हाते. शेजारनीचं नाव म्हाईत न्हाय मला. आता जाऊन दार उघडायचं, आन बसायचं.’’

मला रडू आलं. लपवलं नाही, चांगली हुंदके देऊन रडले. माझी मलाच एवढी लाज वाटत होती. मग डोळे पुसले, उठले आणि वाटीत शेंगादाण्याची चटणी भरली, दाबून दाबून, वर शिगेपर्यंत.

बाई वाटीकडे बघून हिशेब करायला लागल्या. ‘‘परवा सकाळी गाडी हाय. चटनी लई हाय. परवापातूर संपायची न्हाय. मग वाटी परत कवा देऊ?’’

‘‘घेऊन जा. संपली की द्या.’’

‘‘व्हय की!’’ बाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. स्टेशनावर सामान म्हणून त्यांच्याजवळ एक पिशवी आणि फडक्यात बांधलेली ती वाटी. बाकी सगळं गावात वाटलं होतं. गाडी हलली तेव्हा विज्ञानाच्या बाईंनी आपली छत्री उघडून हलवली.

पुढे सात महिने सासूबाईंनी माझं डोकं खाल्लं. ‘‘सहाच्या पाच झाल्या. विलायतेला वाटी पाठवती का कुणी? गेली ती.’’ मीही मनात म्हणायची, गेली.

मग एक दिवस पोस्टमन पार्सल घेऊन आला. आत चिंध्यांत गुंडाळलेली वाटी, अक्रोडांनी भरलेली. चिठ्ठी नव्हती. मी अक्रोड परातीत ओतले, वाटी उजेडात धरली. आईच्या नावाखाली कर्कटकाच्या टोकानं ओरखडून ओरखडून, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘हॉब्सबाई’.

मी ते नाव सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी वाटी हातात घेतली, अक्षरांवरून अंगठा फिरवला.

‘‘बघत काय बसलीस?’’ मग एकदम मराठीत म्हणाल्या. ‘‘वाटी रिकामी हाय की.’’

आणि शेंगा भाजायला उठल्या.