गावप्रमुखांचा आवाज

परीक्षक दहाला येणार होते आणि नऊ वाजता कळलं, की सभागृहातल्या टीव्हीला गावाचा व्हिडिओ पचत नाही. पडद्यावर एकच ओळ येत होती : ‘ही फाइल चालत नाही.’

“चालत नाही म्हणजे? जिल्ह्याची स्पर्धा आहे, निंग!” गावप्रमुख पाक हर्जितो, म्हणजे हर्जितोसाहेब, ओरडले. बारा मिनिटांच्या व्हिडिओत नऊ मिनिटं ते स्वतःच बोलत होते.

ग्रामकार्यालयाचा संगणक सांभाळणारी निंग्रुम म्हणाली, “पाक, फाइलचा प्रकार बदलावा लागेल. सगळ्यांसाठी खुलं असलेलं सॉफ्टवेअर आहे माझ्याकडे. हुकुमाची एक ओळ लिहायची, की झालं.”

“फुकटातलं?” पाकांनी नाक मुरडलं. “बिघडलं तर जबाबदार कोण?”

“मी.”

घाईघाईत तिने नवी ओळ न लिहिता गेल्या आठवड्याचीच वर काढली, फाइलचं नाव बदललं आणि बटण दाबलं. म्हातारा संगणक तासभर धापा टाकत राहिला. परीक्षक येऊन बसले, चहा झाला, आंबवलेल्या सोयाबीनचं तळलेलं तेंपे खाऊन झालं, तेव्हा कुठे फाइल तयार झाली.

चित्र झकास उमटलं. पाक हर्जितो पडद्यावर तोंड हलवू लागले. आवाज मात्र नाही!

निंग्रुमने वापरलेली ओळ पुन्हा वाचली. ती जुनी ओळ कार्यालयाच्या दारातल्या मुक्या पडद्यासाठी होती. तिच्यातली ‘आवाज गाळ’ ही दोन शब्दांची सूचना तशीच राहिली होती.

“पाक, तुम्हीच माइक घ्या ना,” ती कुजबुजली.

“मला काय पाठ आहे? कागद बघून वाचलं होतं मी!”

तेवढ्यात तेंपे बनवणाऱ्या बायकांची म्होरकी बू सुकिनेम, म्हणजे सुकिनेमबाई, उठली. “आणा इकडं तो माइक.”

पडद्यावरच्या पाकांनी हात उंचावला आणि बू सुकिनेमचा खर्जातला आवाज घुमला : “मी हर्जितो. ओढ्यावरचा पूल दोन वर्षं मोडून पडलाय. बायका सोयाबीनची पोती डोक्यावर घेऊन पाण्यातून जातात. मला लाज वाटते.”

पडद्यावरच्या पाकांनी नेमका तेव्हाच घाम पुसला. सभागृहात हशा उसळला.

“पावसाआधी पूल बांधीन. नाही बांधला, तर पोती मी वाहीन!”

पडद्यावरच्या पाकांनी छातीवर हात ठेवून मान लववली. टाळ्या थांबेनात.

मुख्य परीक्षकबाईंनी डोळे पुसले आणि वही उघडली. “फार छान, पाक. पाऊस नोव्हेंबरात लागतो, त्याआधी म्हणजे कधी? तारीख सांगा, लिहून घेते.”

खऱ्या पाकांनी मागे वळून पाहिलं. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. “दहा... दहा ऑक्टोबर,” ते पुटपुटले.

गावाचा पहिला नंबर आला. पूल आठ तारखेलाच उभा राहिला आणि त्यावरून पहिलं पोतं बू सुकिनेमने नेलं, कोरड्या पायांनी, नव्या चपला घालून.

पुढच्या सोमवारी शेजारच्या गावच्या तिघी जणी पेन ड्राइव्ह घेऊन निंग्रुमच्या टेबलापाशी उभ्या होत्या.

“आमच्या गावप्रमुखांचं भाषण आहे गं यात.”

“बरं. फाइलचा प्रकार बदलायचाय का?”

“छे! प्रकार राहू दे तसाच,” त्यांतली थोरली म्हणाली. “फक्त आवाज गाळून दे.”